दुसऱ्या कुत्र्याची पाळी

दादाने सकाळपासून घराची किल्ली खिशात ठेवलीच नव्हती. ती हातातच होती. लढाईत माघार घेताना कुणीतरी त्याच्या अंगणात सुरुंग पेरून ठेवले होते. बाकी सगळं अंगण आम्ही साफ केलं होतं. रस्त्यापासून दारापर्यंतचा एक पट्टा तेवढा राहिला होता. तो झाला की तंबूत दिवस काढणारी दादा-वहिनी आपल्या घरात जाणार होती. दादाला कुठला धीर! "छोट्या, झालं का? छोट्या, आता?" आनंद मलाही पोटात मावत नव्हता, म्हणून मी त्याच्यावर खेकसत होतो.

सुरुंग शोधणं हे माझं काम. खरं तर माझ्या कुत्र्यांचं, मी नुसता दोर धरतो. लढाईत आमच्या तुकडीच्या सगळ्यात पुढे माझी कुत्री टिकली चालायची, तिच्या मागे मी आणि माझ्या मागे सगळे शूरवीर. सुरुंगाचा वास आला की ती मुकाट्याने खाली बसायची. भुंकणं नाही, उकरणं नाही. ती बसली की अख्खी तुकडी जागच्या जागी थिजायची. एवढ्या माणसांना घरी पोचवून ती गेल्या हिवाळ्यात म्हातारपणाने गेली. मी चारचौघांत ओक्साबोक्शी रडलो.

आमचा एक नियम आहे. एका कुत्र्याने पट्टा हुंगला की त्याच पट्ट्यावर दुसरं सोडायचं. दोन्ही न बसता परत आली, तरच माणसाने पाय टाकायचा.

आधी बंडू गेला. गुडघाभर गवतातून थेट दारापर्यंत जाऊन शेपटी हलवत परत आला. कुठेच बसला नाही. दादाने टाळ्या पिटल्या. मीही हसलो आणि हसता हसता, सवयीने, दोन आखूड शिट्ट्या मारल्या. आता दुसऱ्या कुत्र्याची पाळी.

"भावजी, कुणाला बोलावताय?" वहिनीने विचारलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्या कुत्र्याच्या पंजात काटा रुतला होता, ते गाडीत झोपलं होतं. आणि ती शीळही त्याची नव्हती. टिकलीची होती.

मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या पायाजवळचं गवत दुभंगलं.

वारा नव्हता. ती फट संथपणे पुढे निघाली. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, पुन्हा डावीकडे. घूस असेल, मी स्वतःला म्हटलं. पण घूस अशी शिस्तीत पट्टा हुंगत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत! खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. बंडू कान पाडून शेपटी हलवत होता. मला धावत जावंसं वाटत होतं.

धावला दादा.

त्याने पट्ट्याच्या तोंडाशी बांधलेली धोक्याची फीत ओलांडली आणि सुटला.

"दादा, थांब! एकच कुत्रं झालंय!"

"एक पुरे!" तो हसत ओरडला. "बंडूवर माझा पूर्ण भरवसा आहे!"

पट्ट्याच्या मध्यावर फट थांबली. तिथलं गवत गोल दबलं. हळू, सावकाश, मुकाट्याने.

"दादा!"

दादा थांबेना.

बसलेलं कुत्रं मी बोलावल्याशिवाय कधी उठत नाही. पण ते दबलेलं गवत उठलं. दादाच्या रोखाने उसळलं.

दादा एक पाय उचललेला असताना जागीच थबकला.

"पाय टाकू नकोस," मी म्हणालो. "मागे ये. आलास त्याच पावलांवर."

"येतोय." तो मान वळवून माझ्याकडेच बघत होता, खाली बघत नव्हता. "छोट्या, बंडूला सांग, ओढू नको म्हणावं."

बंडू माझ्या शेजारी होता.

दादा उलटा, एकेक पाऊल टाकत येत राहिला. त्याच्या विजारीचा काठ मागे ताणलेला होता, आणि तेवढ्याच जागी कापड लाळेने ओलं होत चाललं होतं.