मधून काठाकडे

सीडी पुसायची ती मधून काठाकडे, सरळ रेघेत. गोल गोल कधीच नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात उभा जन्म घालवलेल्या आजीने हे किती मुलांना सांगितलं असेल, त्याला गणती नव्हती. आता पाळी नातीची होती.

"पण गोल का नाही?" नातीने विचारलं. परवाच तिचा पुढचा दात पडला होता, त्यामुळे बोलताना मधूनच शीळ वाजायची.

"रस्त्यात आडवा चर असला की गाडी एक गचका खाते आणि पुढे जाते. पण चर रस्त्याबरोबरच धावायला लागला तर?"

"चाक अडकून बसेल."

"शाबास! सीडीवरचा आवाज गोल रस्त्यानेच धावतो. म्हणून सरळ ओरखडा परवडला, गोल ओरखडा म्हणजे सीडीचा काळ."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर साबणाचं कोमट पाणी, चष्म्याचं मऊ फडकं आणि पांढरी टूथपेस्ट होती.

"तुझ्या पडलेल्या दाताच्या वाटणीची पेस्ट हिला लावू," आजी म्हणाली, तशी नात खिदळली.

सीडी तिच्या बाबांची होती. नात आठ महिन्यांची असताना त्यांनी तिच्यासाठी एक गोष्ट बोलून ठेवली होती. पुढच्या दोन महिन्यांत ते गेले. सीडी कपाटाच्या तळाशी सापडली ती आत्ता, आठ वर्षांनी. नातीला बाबांचा आवाज आठवतच नव्हता. त्यामुळे पहिल्यांदा सीडी लावली तेव्हा ती श्वास रोखून बसली होती. गोष्टीतलं अस्वल दारापाशी आलं आणि सीडी अडकली. "दार उघडलं आणि... दार उघडलं आणि..."

आजीने सीडी उजेडात तिरकी धरली. ओरखडा एकच. पुरता गोल. त्यावरून नख फिरवलं तर नख अडकलं, म्हणजे खोल होता.

तीन दुपारी दोघी घासत होत्या. तिसऱ्या दुपारी नख अडकलं नाही.

"जमलं बघ! जा, हात धुऊन ये. कोपरापर्यंत पेस्ट माखलीय."

नात पळाली. आजी बाहेरच्या खोलीत आली. पोरीचा पुन्हा हिरमोड नको, आधी आपणच ऐकून बघावं, म्हणून तिने सीडी लावली आणि आरामखुर्चीत टेकली.

"दार उघडलं आणि अस्वल म्हणालं, आहे का कुणी घरात?"

पुढे गेली! आजीचे डोळे भरून आले. लेकाचा आवाज, अगदी तसाच.

मग तो थांबला. आणि सीडीतून एक मुलगी म्हणाली, "बाबा, मग पुढे काय झालं?"

"झालं"वर शीळ वाजली.

"कोण आहे?" लेकाने विचारलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग एक घड्याळ घरघरलं आणि त्याचे टोल पडले. आजीने मोजले. चार.

ती घरघर तिच्या ओळखीची होती. ते घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. शाळेने तिला निरोपाला दिलेलं, दोन वर्षांपूर्वी.

मग पुन्हा ती मुलगी, अगदी हळू.

"बाबा, आजी उठत नाहीये."

आजीला तो ओरखडा आठवला. इतका नेमका गोल हाताने निघत नाही. तो कर्कटकाने काढावा लागतो. आणि कुठल्या ओरखड्याने सीडी मरते, हे लेकाला तिनेच शिकवलं होतं, त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलापाशी.

बंद करायला हवं. तिने हात उचलायचा प्रयत्न केला. हात खुर्चीच्या दांड्यावर तसाच राहिला.

सीडी आपोआप मागे गेली. "दार उघडलं आणि अस्वल म्हणालं, आहे का कुणी घरात?"

आत नळ बंद झाला. सून कामावरून यायला अजून तीन तास होते. आत येऊ नकोस, असं आजीला ओरडायचं होतं. जीभ हलेना.

सीडीतला लेक थांबला. या वेळी तो प्रश्न सीडीतून आला नाही.

नात ओले हात फ्रॉकला पुसत दारात उभी होती. तिचा चेहरा फुलला होता. ती धावत आली आणि स्पीकरपुढे गुडघ्यांवर बसली.

"बाबा, मग पुढे काय झालं?"

"कोण आहे?" लेकाने विचारलं.

भिंतीवरचं घड्याळ घरघरलं.