चार बोटं उजवीकडे

दोन स्पीकरच्या बरोबर मधे खुर्ची ठेवून बसलं, तर गाणाऱ्या बाईचा आवाज समोरच्या भिंतीच्या बरोबर मधून यायला हवा. तो चार बोटं उजवीकडून येत होता.

चार बोटं म्हणजे काही फार नाही. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण तिचं पोटच कानांवर चालत होतं. ती ऑडिओलॉजिस्ट होती. काचेच्या बंद खोलीत माणसांना बसवायचं आणि त्यांना काय ऐकू येतं, काय येत नाही हे मोजायचं, हे तिचं रोजचं काम. राहत्या इमारतीत सगळे तिला ‘कानवाली’ म्हणत. कानवालीने खुर्ची वीतभर सरकवून पाहिली. मान वळवून पाहिली. बाई उजवीकडेच.

“कसं वाटतंय?” त्याने विचारलं.

“छान,” ती म्हणाली.

त्याच्याशी ती बोललेलं हे पहिलं खोटं. तोवर चार महिन्यांत तशी वेळच आली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी ती एक स्पीकर कडेवर घेऊन जिना उतरत होती. स्पीकर आत्याचे, आत्याच्या तरुणपणचे. कागदी शंकूच्या कडेला असतो तो फोम इतका जुना झाला होता की बोट लावलं तरी कोंड्यासारखा गळायचा. “ती धुडं आज घराबाहेर गेली पाहिजेत,” असं आत्याने सकाळी फर्मान काढलं होतं. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नेमकी बंद. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या उघड्या दारापाशी एक माणूस गुडघे टेकून बसला होता, दातात टॉर्च धरून.

“इफ्ट अंद आए,” तो म्हणाला.

“दिसतंय.”

त्याने टॉर्च काढली. तिच्याकडे नाही, तिच्या कडेवरच्या पेटीकडे पाहिलं. “हे कुठे निघालं?”

“भंगारात.”

“आणि दुसरा?”

“वर आहे. एका वेळी एकच उचलता येतो.”

“अहो, जोडी फोडू नका!” तो असा उठला की जणू कुणी पोर टाकून द्यायला निघालंय. “फोम गेलाय नुसता. सदरा फाटला म्हणून माणूस टाकतात का कुणी?”

“हे माझ्या आत्याला सांगा.”

“सांगतो की. कितवा मजला?”

आणि तिने दोन मजले खाली आणलेलं ओझं तो दोन मजले वर घेऊन गेला. आत्या दारातच होती.

“भंगारवाला ना? मग परत काय आणलंस?”

“भंगारवाला नाही आत्या, लिफ्टवाला.”

“लिफ्टवाला, आणि जिन्याने?” आत्या म्हणाली, आणि मग स्वतःच्याच विनोदावर इतकी खूष झाली की तिने त्याला आत बसवून पाणी दिलं.

जुने स्पीकर पुन्हा उभे करायचे हा त्याचा छंद. आठवडाभर लिफ्ट, रविवारी स्पीकर. थोरल्या भावाच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती. तिथे टेबलावर गोंद, तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न आणि एका डब्यात स्पीकरच्या आत बसणारे छोटे कपॅसिटर — जुने काढलेले एका कप्प्यात, नवे दुसऱ्यात. ती पहिल्या रविवारी फक्त स्पीकर पोचवायला गेली. दुसऱ्या रविवारी विचारायला गेली की कुठवर आलंय. तिसऱ्या रविवारपासून कारण शोधायचं तिने सोडून दिलं.

नवा फोम चिकटवताना दोघांचे चार हात लागायचे. त्याने कडेला गोंद फिरवायचा, तिने फोमची कड बोटांनी दाबून धरायची. सहा मिनिटं. मग तो शंकूवर बोटांची टोकं टेकवून शंकू हलकेच आत ढकलायचा; आतली तारेची गुंडाळी कुठे घासत असेल तर अगदी बारीक खरखर येते.

“ऐका. घासतंय?”

ती वाकायची. तो तिला नेहमी डाव्या हाताला बसवायचा.

“नाही.”

“श्वास रोखायची गरज नाहीये हो.”

“मी कुठे रोखलाय?”

“बरं. मला वाटलं, मी एकटाच रोखून बसलोय की काय…”

तिने कड जरा जास्तच जोराने दाबली. “गोंद वाळू द्या.”

“वाळू देतोय. म्हणूनच तर हळूहळू बोलतोय.”

बसथांब्यापर्यंत तो सोडायला यायचा. चालताना कायम तिच्या उजवीकडून. रस्ता ओलांडला की न चुकता फिरून पुन्हा उजवीकडे. तिला ते आवडायचं. घरी तिने आत्याला सांगितलंसुद्धा, “गाड्यांच्या बाजूने स्वतः चालतो.”

“हं,” आत्या भाजी निवडत म्हणाली. “आणि रस्ता ओलांडल्यावर गाड्या दुसऱ्या बाजूला जात नाहीत का गं?”

तिने तेव्हा मनावर घेतलं नाही. हुशार माणसं नेमकी हवी तिथे हुशार नसतात.

मग तो रविवार. नवे कपॅसिटर बसले, छोट्या ट्वीटरकडे — म्हणजे बारीक, धारदार स्वर काढणाऱ्या स्पीकरकडे — किती आवाज सोडायचा तेही त्याने ठरवलं. कानाने. “यंत्र लावून जुळवणारे पुष्कळ आहेत,” तो म्हणायचा, “मी बसतो, ऐकतो, आणि बाई भिंतीच्या मधोमध येऊन उभी राहिली की थांबतो.” त्याला त्याचा सार्थ अभिमान होता. त्याने तबकडी लावली, तिला खुर्चीत बसवलं, आणि बाई चार बोटं उजवीकडे येऊन उभी राहिली.

“छान,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. त्या आनंदात, स्क्रूड्रायव्हर हातात तसाच ठेवून, तो म्हणाला, “रविवारी येता तुम्ही… तसं रोजच आलात तर? म्हणजे — कायमचं. घाई नाही. विचार करून सांगा.”

तिचं मन केव्हाच हो म्हणून बसलं होतं. पण कानात ती चार बोटं होती. तिच्या तोंडून गेलं, “सांगते.”

त्याला आता तीन आठवडे झाले होते.

त्या तीन आठवड्यांत तिने जे केलं ते कुणा प्रेमात पडलेल्या मुलीने केलं नसेल. घरी आणलेल्या स्पीकरच्या जागा तिने बदलल्या, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. बाईही डावीकडे गेली. म्हणजे दोष खोलीचा नव्हता. दवाखान्यातून आवाज मोजायचं यंत्र आणलं. बारीक स्वरांत एक पेटी दुसरीपेक्षा चार डेसिबलने पुढे. त्याने वर्षभरात केलेली एक जोडी एका शिंप्याकडे होती. बॅगेची चेन बदलायला टाकायच्या निमित्ताने ती तिथे अर्धा तास उभी राहिली. उजवीकडे. दुसरी जोडी एका दाताच्या दवाखान्यात होती. तिथे तर बिचारीने चांगला दात तपासून घेतला. उजवीकडे. मंगळवारी तिने सहकारिणीकडून स्वतःचे कान तपासून घेतले. ठणठणीत.

तीन जोड्या, तिन्हींत एकच चूक, आणि जुळवणारा माणूस एकच. त्याला आवाज मधोमध ऐकू यावा म्हणून तो उजवी बाजू नकळत वाढवत होता. त्याचा उजवा कान निकामी होत चालला होता.

तिला भीती वाटली ती यामुळे नाही. वय झालं की कान जातात, पण दोन्ही जातात, बरोबरीने. एकच जातो तेव्हा कारण शोधावं लागतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. ‘बहुतेक’ हा शब्द ती रोज पाच-सहा लोकांना सहज सांगायची. आता तो तिला स्वतःला पुरत नव्हता. आणि सांगायचं तरी कसं? ‘तुमच्या कानाने केलेलं सगळं वाकडं आहे’ असं? हे ऐकल्यावर त्याने ती पत्र्याची खोली कुलूप लावून बंद केली तर? तिने चारदा मेसेज लिहिला, चारदा पुसला. दर पुसण्याबरोबर एक दिवस वाया जात होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“जेवत का नाहीस?” शनिवारी आत्याने विचारलं.

तिने सगळं सांगून टाकलं. आत्याने हात पुसले, कानातलं यंत्र नीट बसवलं. ते तिला दोन वर्षांपूर्वी लागलं होतं. तेव्हा केवढा रुसवा! “घरात कानवाली असून मी कान परक्याकडे न्यायचा?” आणि भाचीने दहादा समजावलं होतं, “आत्या, आमच्याकडे नियम आहे. घरच्या माणसाची तपासणी घरच्याने करायची नाही. आपल्या माणसाचा आकडा लिहिताना हात खोटं बोलतो.” शेवटी सहकारिणीनेच तपासलं होतं.

“माझं तू भर जेवणात सांगितलंस,” आत्या आता म्हणाली. “हातात घास होता माझ्या. ‘आत्या, तुला ऐकू येत नाही, तपासून घे.’ आणि त्याला तीन आठवडे?”

“तुझी गोष्ट वेगळी होती.”

“वेगळी कशी? मी रागावून जाणार कुठे होते, म्हणून?”

तिने पोळीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

“तो राहील की जाईल याची काळजी नंतर कर,” आत्या म्हणाली. “कान आधी जाईल.”

रविवारी सकाळी ती रिक्षात दोन्ही स्पीकर घालून त्याच्याकडे गेली. पाऊस भुरभुरत होता, पत्र्यावर पोहे सांडावेत तसा. त्याने दार उघडलं, पेट्या पाहिल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

“परत आणलेत,” तो म्हणाला.

“मला तुम्हाला काही सांगायचंय.”

“कळलं मला. तीन आठवडे लागले म्हणजे कळतंच… तुम्ही नुसतं ‘नाही’ म्हणाला असतात तरी चाललं असतं. स्पीकर कशाला परत?”

“तुम्ही आधी हे लावा. आणि त्या खुर्चीत बसा.”

तिचा आवाज ऐकून त्याने तारा जोडल्या आणि तो खुर्चीत बसला. तबकडी फिरायला लागली.

“बाई कुठे आहे?”

“मधोमध.”

तिने दोन्ही पेट्यांची अदलाबदल केली. एक तार दोनदा निसटली. पुन्हा तेच गाणं.

“आता?”

त्याने मान वळवली. “डावीकडे… पार त्या खिडकीपाशी.” मग लिफ्टवाल्याचं डोकं चालायला लागलेलं तिला दिसलं. “जोडी सारखी असेल तर जागा बदलून फरक पडायला नको. म्हणजे जोडी सारखी नाहीये. म्हणजे मी… तुम्हाला आधी बाई कुठे ऐकू येत होती?”

“चार बोटं उजवीकडे.”

“तुमचा कान चुकत असेल.”

“मी मंगळवारी तपासून घेतला.”

त्याने गाणं बंद केलं, पण हात बटणावरच ठेवला.

“सात महिने झाले,” तो शेवटी म्हणाला. “आधी उजव्या कानात शिट्टी वाजायची. मग फोन डावीकडे धरायला लागलो.”

“कुणाला दाखवलं नाहीत?”

“लिफ्ट कुरकुरते तेव्हा लोक मला बोलावत नाहीत. अडकली की बोलावतात. मी त्यांना मनात शिव्या घालतो.” तो कसंनुसं हसला. “आणि त्यात बोलावलं कुणाला, तर तुम्हाला. चोराने पोलिसालाच चहाला बोलावल्यासारखं.”

“तुम्ही माझ्या उजवीकडून चालायचात. मला वाटायचं, गाड्यांपासून वाचवताय.”

“गाड्यांचं काय घेऊन बसलात. तुम्ही इतकं हळू बोलता… एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नव्हता मला.”

तिला पटकन खिडकीबाहेर बघावं लागलं.

“पाच जोड्या दिल्यात मी या सात महिन्यांत,” तो हातांकडे बघत म्हणाला. “पाच घरांत बाई भलतीकडे उभी आहे.”

“पाचही परत आणू. मोजून सारख्या करू. यंत्राला काय, ते काही तुमचा अभिमान खात नाही.” तिने श्वास घेतला. “पण आधी कान. उद्याच. शिट्टी म्हणालात ना, आता एक दिवसही नाही. बहुतेक वेळा कारण साधंच असतं.”

“बहुतेक?”

“बहुतेक.” या खेपेला तिने नजर वळवली नाही. “मी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. भ्याले.”

“बरं. येतो उद्या. पण तपासायचं तुम्हीच. त्या काचेच्या खोलीबाहेर तुम्ही दिसलात की मला भीती नाही वाटणार.”

“मी नाही तपासणार.”

“का?”

“माझी सहकारीण तपासेल. मी बाहेर बाकावर बसेन. संपेपर्यंत.”

“पण का? तुमचंच तर काम आहे हे! माझ्यावर रागावलात? की ते… मी विचारलं होतं, म्हणून?”

ती उठली. आज ती त्याच्या डावीकडे गेली नाही. उजवीकडे जाऊन उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने बोलली, की पलीकडे ओट्यापाशी भांडी घासणाऱ्या त्याच्या वहिनीने नळ बंद केला.

“कारण आमच्याकडे नियम आहे,” ती म्हणाली. “घरच्या माणसाची तपासणी घरच्याने करायची नाही.”