रिबीन बांधलेलं वाळूक

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा सुकन्या ओले केस टॉवेलात गुंडाळत होती. दार उघडलं, तर समोर शेजारचा मन्मथ. हातात स्टीलची ताटली, ताटलीत वाळकाच्या फोडी, वर मीठ-तिखट भुरभुरलेलं... आणि चेहऱ्यावर असं हसू, की ते वाळूक जणू यानंच जन्माला घातलंय.

"तुमचंच हाय," तो म्हणाला. "बाकीच्या घरी देऊन आलो. तुमच्याकडं मुद्दाम शेवटी — म्हणलं, जरा निवांत बोलता येईल."

विष्णुपुरी रस्त्यावरच्या त्या गल्लीत तो राहायला आला त्याला पाऊसकाळ होऊन गेला होता. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात नोकरी, गाव उदगीरकडचं. इतक्या दिवसांत दोघांत झालेलं बोलणं म्हणजे त्यानं विचारायचं, "नळ आला का?" आणि तिनं म्हणायचं, "आला." तो स्कूटर धुताना शीळ घालतो, निळ्या शर्टात बरा दिसतो, भिंतीपाशी आला की उगाच रेंगाळतो — यातलं काहीच आपण कधी पाहिलं नाही, असं सुकन्याचं ठाम म्हणणं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी होतं.

आत्ता मात्र तिला फक्त वास आला. पिकल्या वाळकाचा तो गोड, दाट, डोक्यात चढणारा वास. साऱ्या गल्लीत तसा वास येणारं वाळूक एकच होतं.

"हे... कुठलं?"

"भिंतीवरचं. आमच्या बाजूला लटकलेलं. रिबीनवालं."

ताटली हिसकावून तिनं टीपॉयवर आदळली आणि परसात धावली. रात्री पडून गेलेल्या परतीच्या पावसाचं पाणी वेलाच्या पानांवरून अजून ठिबकत होतं. भिंतीपलीकडं डोकावली. देठ होता, वाळूक नव्हतं.

आता इथं थोडं सांगितलं पाहिजे. या गल्लीत बियाणं विकत आणायचं नाही, एकमेकांकडून घ्यायचं, अशी रीत होती. एक मूठ न्यायची, हंगाम सरला की दोन मुठी आणून द्यायच्या. आणि बियाला राखलेल्या फळाला खूण बांधायची. त्या फळाला कुणी हात लावायचा नाही. कोपऱ्यावरच्या गोदावरीकाकूंनी देगलूरकडच्या आपल्या शेतातलं वाळकाचं बी यंदा सुकन्याला दिलं होतं, होतं तेवढं सगळं. शेत रस्त्यात गेलं, काकूंचे गुडघे गेले... ते बी आता दुसरीकडं कुठंच नव्हतं. वेलाची बाकीची वाळकं माकडांनी खाल्ली. उरलं एक. नेमकं तेही भिंतीपलीकडं लटकलं.

आता खूण म्हणून बाकीचे फाटकी चिंधी बांधतात. पण सुकन्या फार्मासिस्ट. मेडिकलमध्ये गोळ्यांची पाकिटंसुद्धा कडेला कड लावून ठेवणारी. तिनं औषध कंपनीच्या गेल्या दिवाळीच्या मिठाईवरची केशरी साटीनची रिबीन काढली, आणि छान फूल पाडून बांधली.

"अहो, बियाचं होतं ते!" ती परत येऊन कडाडली. "फळाला खूण बांधलेली कळत नाही तुम्हाला?"

"कळती की. आमच्या गावाकडं चिंधूक बांधतेत. रिबीनीचं फूल न्हाई बांधत कुणी. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मन्मथचे कान लाल झाले. "वाटलं... तुम्ही मला दिलंय."

सुकन्यानं टीपॉयवरची ताटली उगाच सरळ केली.

"शिवाय गल्लीच्या ग्रुपवर तुम्हीच लिहिलेलं," तो चाचरत म्हणाला, "भिंतीपलीकडं जे लटकंल, ते पलीकडच्याचं."

लिहिलं होतं. वसंतरावांच्या शेवग्याच्या शेंगांवरून भांडण झालं तेव्हा नियम तिनंच केला होता. वर हात जोडल्याची चित्रंही टाकली होती.

"फोडी कुणाकुणाकडं दिल्या?"

"वसंतरावकाका, वर्षाराणीताई, गोदावरीकाकू. पण बी —"

"चला. चार बिया तरी मिळतील कुणाच्या ताटात."

"ऐका तरी —"

"चालत राहा. बोलू नका."

वसंतराव रेल्वेतून निवृत्त. ओट्यावर पेपर वाचत बसले होते, शेजारी रिकामी बशी.

"बी?" ते म्हणाले. "बी कुठलं आलं? लख्ख साफ करून दिलेल्या फोडी. पोरगं नीटनेटकं आहे हो, सुकन्या. पण तू रिबीन बांधून दिलंस म्हणे? आमच्या वेळी नुसतं बघायलाच दोन वर्षं लागायची."

सुकन्यानं मन्मथकडं असं पाहिलं की वसंतरावांनी पेपर वर केला.

"यांना सांगितलंत तुम्ही?" रस्त्यावर येताच ती दात ओठ खात म्हणाली.

"त्यांनी विचारलं कुठनं आणलं. मी खोटं बोलत न्हाई. आन बियाचं म्हणताव तर —"

"एक शब्द नको."

वर्षाराणीच्या घरी तर कहरच. ती दारातच फोन नाचवत उभी. "ताई, स्टेटस बघितलं का माझं? रिबीनवाल्या वाळकाच्या फोडींचा फोटो टाकलाय, वर बदाम! माहूरहून आत्यानं विचारलं, मुलगी कोण म्हणून."

"वर्षाराणी, फोडीत बी होतं का?"

"नव्हतं बाई. सगळं काढून... आमचे हे तर कधी पेरूसुद्धा धुऊन देत नाहीत."

सुकन्या मटकन पायरीवर बसली. म्हणजे यानं बी काढून टाकलं. कचऱ्यात. आणि घंटागाडी मघाशीच गाणं वाजवत गेली होती. ती तिनं स्वतः ऐकली होती.

"घंटागाडीत टाकलं ना?"

"तेच तर मघाधरनं सांगून राहिलो, की —"

"नका सांगू! ऐकवत नाही मला."

मन्मथनं आभाळाकडं पाहिलं. उन्हात एक पांढरा ढग निवांत चालला होता. त्याला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं.

शेवटचं घर गोदावरीकाकूंचं. काकू उन्हाला पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवरच्या बशीत एकच फोड. खाल्लेली नव्हती, नुसती नाकाशी धरत होत्या. ते बघून सुकन्याचा सगळा जोर गेला.

"काकू... वाळकाचं बी गेलं. तुम्ही विश्वासानं दिलं, आणि मला नाही सांभाळता आलं."

काकूंनी फोड बशीत ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "शेत गेलं तवा मी रडले न्हाई बघ. म्हणलं, वास तर ऱ्हाईल घरात. दरसाल एकदा तरी."

सुकन्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिनं ते टॉवेलानं पुसलं. टॉवेल डोक्यावर आहे आणि आपण तशाच साऱ्या गल्लीभर हिंडलो, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

काकूंनी मान वळवली. "आन ह्यो पोरगा का असा बोट वर करून उभा हाय, शाळंतल्यावानी? त्याला मुतायला जायचंय का बोलायचंय?"

"बोलायचंय," मन्मथ म्हणाला. "बी माझ्याकडं हाय. गच्चीवर. राखंत चोळून वाळत घातलंय."

गल्लीत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"मग बोलला का नाहीत?" सुकन्या ओरडली.

"बोलू दिलं का तुम्ही?"

काकू इतक्या हसल्या की गुडघा धरावा लागला.

गच्चीवर ऊन होतं, वारा होता. जुन्या वर्तमानपत्रावर फिकट पिवळं बी पसरलेलं, राखेनं करडं झालेलं. वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वर्कशॉपातले नटबोल्ट. आणि एका बोल्टाखाली, नीट घडी घातलेली केशरी रिबीन.

सुकन्या उकिडवी बसली. बोटांनी बी चाळवलं. भरलेलं होतं, चांगलं होतं. काकूंच्या दोन मुठी सहज निघणार होत्या.

"वाळूक खायचं आणि विसरायचं," ती खाली बघत म्हणाली. "बी कशाला राखलं?"

"कुणी रिबीन बांधून दिलं तर माणूस सगळं खाऊन टाकतो व्हय?" तोही समोर बसला. "म्हणलं, मृगात आपल्या बाजूला लावावं. वेल वाढला की भिंतीवरनं तुमच्याकडं सोडावा... पलीकडं लटकंल ते तुमचं. नियम तुमचाच हाय."

ती हसू दाबत होती. दाबलं जात नव्हतं, म्हणून तिला पुन्हा राग येत होता.

"पण एक घोळ हाय," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "लातूरच्या एका कॉलेजातनं बोलावणं आलंय. पगार बरा हाय. हो म्हणलं तर होळीनंतर जावं लागंल. मृग त्याच्या पुढं येतो."

"मग वेल कोण लावणार?"

"तेच विचारून राहिलो."

वाऱ्यानं कागदाची कड फडफडली. दोघांचे हात एकदमच कागदावर पडले, त्याचा तिच्या हातावर. कुणी काढून घेतला नाही. काढला असता तर बी उडालं असतं, हे कारण दोघांनाही पुरेसं वाटलं.

मग दुसऱ्या हातानं तिनं बोल्टाखालची रिबीन ओढून घेतली. त्याचं मनगट पुढं ओढलं.

"ओ, ओ!" तो दचकून मागं सरला. "मनगटाला नगं! खालून वर्षाराणीताई बघून ऱ्हायल्यात. राखी म्हणून स्टेटस ठेवतील!"

"देवा रे!" सुकन्यानं कपाळाला हात लावला. "या माणसाबरोबर एक काम सरळ होईल तर शपथ." तिनं त्याचा निळा शर्ट गळ्याशी धरला, वरच्या काजातून रिबीन ओवली आणि गाठ मारली. मग सवयच ती... छान फूल पाडलं.

"बियाला राखलेल्याची खूण आहे," ती म्हणाली. "कळते ना आता?"

"कळती," मन्मथ म्हणाला. त्याचा श्वास टॉवेलातून सुटलेल्या तिच्या ओल्या बटेपाशी अडकला होता. "दुसऱ्या कुणी न्यायचं न्हाई."

"आणि ज्याला राखलंय, त्यानंही लातूरला जायचं नाही."

खालून वर्षाराणीची हाक आली, "ताई, जरा इकडं बघा ना... फोटो!"

सुकन्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला आणि कठड्यावरून नेम धरून खाली टाकला.