चुकलेला तीळ

परक्यांच्या राज्यातला तो शिळाछापखाना, दगडावर चित्र काढून कागदावर छापणारा. तिथं ती चहाच्या डब्यांवर लेबलं चिकटवायची. बोटं कायम खळीनं बरबटलेली, म्हणून सगळे तिला खळवालीच म्हणत. त्या ढगाळ दुपारी ती खळीचं भांडं घेऊन वळली आणि नेमकी चित्रकारावर आदळली. त्याच्या हातातला ताजा छाप खाली पडला.

उचलायला वाकली, ती वाकलेलीच राहिली. नव्या लेबलावर हातात तबक घेऊन वाकलेली, मान खाली घातलेली, उघड्या खांद्याची एक बाई होती. अन् चेहरा हिचा!

“अगं बाई... अगदी आरशात दिसते तशी! तीळसुद्धा त्याच बाजूला.”

“आरशातली?” चित्रकारानं कपाळावर हात मारला. “मेलो! दगडावर उलटं काढायचं असतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. दहा वर्षांत पहिल्यांदाच विसरलो.”

“असं कसं विसरलात?”

“कसं म्हणजे...” त्याचे कान लाल झाले. “रोज तुम्ही समोर बसता. बघत बघत काढत गेलो—”

तिच्या अंगावर गोड शिरशिरी आली, पण डोळेही भरले. “एवढं बघितलंत, मग मी अशी वाकलेली कधी दिसले हो?”

“वाकलेली साहेबाला हवी. त्यांच्या देशात आपली बाई अशीच खपते म्हणे.”

“हा डबा इथंही घरोघरी जाईल. दादा मला उभं करेल का दारात? पुसा ना ते!”

पुसलं तर हकालपट्टी ठरलेली. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि वाळूची बादली ओढली. ती पाणी ओतू लागली, तो दगड घासू लागला. खांदा गेला, तबक गेलं. चेहऱ्यापाशी मात्र त्याचा हात अडला... तिनं आपला चिकट हात त्यावर ठेवला.

“घासा. मी आहे ना इथं.”

संध्याकाळी साहेबानं त्याला हाकललं.

“येता माझ्याबरोबर?” दारात त्यानं विचारलं.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

“मग तुम्हाला ताठ उभी काढीन... कुठंही असलो तरी.”

नव्या चित्रकारानं लेबलावर दुसरीच कुणी वाकवली. कुणाची लेक होती कोण जाणे! खळवाली मुकाट्यानं तिला डब्यांवर चिकटवत राहिली.

वर्षभरानं दूरच्या एका छापखान्यातून पाकीट आलं. आत एकच छाप. ती ताठ उभी, नजर थेट समोर. तिनं तीळ शोधला आणि तिला रडूच कोसळलं. या वेळी तीळ अगदी जागच्या जागी होता. चूक व्हायला समोर ती होती कुठे?