शेऱ्याचा रकाना

अकरा वाजले आणि खांब कुरकुरायला लागले. गेल्या तीन उन्हाळ्यांत माणदेशातल्या लोकांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की आज किती तापणार हे ते त्यावरूनच सांगायचे. उन्हात तार तापते, लांबते, तिचा झोळ वाढतो आणि ती खाली येते. म्हणून आता प्रत्येक खांबावर ताणयंत्र बसवलेलं होतं आणि कुठली तार किती ओढायची हे तालुक्याच्या कचेरीतली प्रणाली ठरवायची. खांब मात्र जुनेच. सगळ्याच तारा ओढल्या तर ते वाकायचे. त्यामुळे एका गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या तारेला, ताण द्यायचा तर दुसऱ्या गाळ्याचा काढून घ्यावा लागे.

कुणाचा काढायचा, याचे नियम कचेरीतल्या अभियंता हेमलता दुधगावकरने भरले होते. तार जमिनीपासून रस्त्यावर किमान सहा मीटर, शेतात साडेपाच, पडीक रानात साडेचार. पडीक रानात असतंय कोण? पूर्वीचे वायरमन त्या आकड्याच्या वर हातभर तार ठेवत. आकडा कागदाला, हातभर माणसाला, अशी त्यांची रीत. प्रणाली तार बरोबर आकड्यावर आणून ठेवायची, बोटभरही वर नाही. या नेमकेपणाबद्दल हेमलताला प्रशस्तिपत्र मिळालं होतं आणि, खोटं कशाला बोला, तिनं ते टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं.

फोन वाजला. निवृत्तीला आलेले वायरमन रहेमान तांबोळी बोलत होते.

"मॅडम, एकशेबारा नंबरचा गाळा लई खाली आलाय. बिरूदा कोळेकराची मेंढरं बसल्यात हितं."

हेमलतानं पडद्यावर पाहिलं. एकशेबारा हिरवा होता. साडेचार मीटर.

"अंतर नियमात आहे, चाचा."

"नियमात आसंल. बिरूदाकडं आकडी हाय. मी सांगितलं हुतं की तुमाला."

सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती पाहणीला गेली तेव्हा याच गाळ्याखालच्या बाभळींपाशी तांबोळी म्हणाले होते, चैतात धनगर इथं उतरतात, पाला काढायला त्यांच्याकडं बारा फुटी आकडी, टोकाला आकडा असलेली काठी, असते, पूर्वी बांबूची होती, आता हलकी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची. हात वर केला की एकोणीस फूट होते, आणि साडेचार मीटर म्हणजे पंधरा फूटही नाहीत. हेमलताला पुढं चाळीस गाळे बघायचे होते. तिनं जमिनीचा प्रकार 'पडीक' असाच ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'हंगामी मेंढपाळ, आकडी.'

कचेरीत मुरलेल्या माणसाची एक श्रद्धा असते, शेऱ्यात लिहिलं की काम झालं. कागदाच्या काळात ते खरंही होतं, कारण शेरा वाचायला कुणीतरी साहेब असायचा. प्रणाली फक्त आकडे वाचत होती. शेरा तिनं जपून ठेवला होता, एवढंच.

"चाचा, त्यांना तारेखालून लांब न्या आधी!"

"मी ओढ्याच्या अल्याड हाय. हाका मारतोय, वाऱ्यानं पोचंनात. तुमी लाइन बंद करा."

वायरमनच्या हातातून लाइन बंद करायचा अधिकार तीन वर्षांपूर्वीच गेला होता. हेमलतानं घाईघाईनं साडेचारचे सहा केले. उत्तर आलं : 'नकार. रस्त्यावरील गाळा नियमाखाली जाईल.' तिनं वीज बंद करण्याचा अर्ज उघडला. कारण निवडा. झाड, वादळ, नियमभंग, दुरुस्ती. त्यात माणूस कुठेच नव्हता. तिनं नियमभंग निवडला. 'नियमभंग आढळला नाही.' वादळ निवडलं. 'आकाश निरभ्र आहे.' शेवटी दुरुस्ती. 'मंजुरीसाठी पाठवले. प्रतीक्षा नऊ मिनिटे.'

फोन चालूच होता. तांबोळी पळत होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बिरूदा! आकडी खाली घे! आरं, खाली..."

एकशेबारा क्षणभर पिवळा झाला आणि लगेच पुन्हा हिरवा. मग पुन्हा पिवळा, पुन्हा हिरवा. तारेला फांदी लागली असावी असा प्रणालीचा अंदाज होता आणि अशा वेळी वीज दोनदा परत देऊन पाहायची, असाही एक नियम होता. तोही हेमलतानंच भरला होता.

ती जीपनं पोचली तेव्हा मेंढरं बाभळीखाली एकमेकांच्या पोटात डोकी घालून उभी होती. बिरूदावर घोंगडं घातलेलं होतं. तांबोळी ओढ्याकडं तोंड करून बसले होते, त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. बिरूदाची बायको कोंडाबाई रडत नव्हती.

"माझी चूक आहे," हेमलता म्हणाली. तिला स्वतःची शिसारी आली होती.

कोंडाबाई ते ऐकत नव्हतीच. "मागल्या साली तार वर हुती, बाई. ती हालती म्हून कुनी सांगितलंच न्हाई. आता शंभर मेंढरं घिऊन मला फुडं जायाचंय. कुटली तार वर हाय, कुटली खाली, तेवढं सांग."

ते तासातासाला बदलत होतं.

पाच वाजता कचेरीत उपअभियंता सरनोबतांनी अहवाल मागवला. "साडेचार होतं ना? मग आपला दोष नाही."

"सर, नियमच चुकला. मी भरला तो. तसं लिहिलंय मी."

सरनोबतांनी ते वाचलं, चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. "हे अहवालात नको, दुधगावकर," ते हळूच म्हणाले. "शेऱ्यात टाका."

ती जागेवर आली. प्रशस्तिपत्र तिनं पालथं घातलं आणि जिल्ह्याचा नकाशा उघडून पहिल्यांदाच नुसता शेऱ्याचा रकाना मागवला. यादी खाली खाली सरकत राहिली. 'बोअरचे पाइप इथेच उभे करतात.' 'कडब्याची गाडी याच वाटेने.' 'दरवर्षी लग्नाचा मांडव.' 'शाळेची मुलं पतंग उडवतात, कृपया लक्ष द्यावे.' कुणाकुणा वायरमनांनी सांगितलेलं, तिच्यासारख्यांनी टिपलेलं, अकरा हजार चारशे ठिकाणांचं. सगळे गाळे हिरवे होते.

पडद्याच्या कोपऱ्यात उद्याचा अंदाज आला होता, सत्तेचाळीस अंश. हेमलता पहिल्या ओळीपासून वाचू लागली. उद्या अकरा वाजता खांब कुरकुरायला लागतील, तोवर यातले किती वाचून होणार होते?