हिरवा फलक

हे लिहून ठेवायचंच नाही, असं निनादनं जवळजवळ ठरवलं होतं. लिहिणार काय? काही बिघडलंच नव्हतं. तेच तर दुखणं.

कोड लिहायची पद्धत कधीच मागे पडली होती. आता जोडफलक. मोठा पडदा, त्यावर ठोकळे मांडायचे; एक ठोकळा म्हणजे एक काम. तारा ओढून ते जोडले की सॉफ्टवेअर चालू. शहराचं पाणी, दवाखाने, माणसांचे निरोप, सगळं फलकावर. एक ठोकळा बंद पडला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे लाल व्हायचे, आणि जोडणाऱ्याची अब्रू जायची. म्हणून निनादसारखे घरीच धडपडून शिकलेले जोडारी प्रत्येक ठोकळ्यामागे एक ‘बदली’ बसवायचे. बदली मूळ ठोकळ्याच्या सवयी शिकायची आणि तो नसला की हुबेहूब त्याच्यासारखी वागायची.

फलकावर निनादचा स्वतःचाही ठोकळा होता, त्याची कामं आणि निरोप सांभाळणारा; सवयीनं त्याच्यामागेही त्यानं एक बदली बसवली होती.

मग तो तापानं आडवा झाला. उठून फलक उघडला. वाटलं, निम्मा तरी लाल असेल. सगळा हिरवागार. ऑफिसची कामं झालेली. आईला रोज निरोप गेलेला: ‘जेवलो गं, काळजी नको.’

त्यानं कराडला गजाला फोन लावला. गजा शाळेपासूनचा मित्र, आता बेकरीवाला.

“परत? सकाळीच तर डोकं खाल्लंस!”

“काय बोललो मी?”

“खारी मऊ पडली म्हणून शिव्या घातल्यास की.”

“गजा, मी आठवडाभर अंथरुणात होतो. ती माझी बदली.”

पलीकडे भट्टीचं दार लोटल्याचा आवाज आला.

“मग सांगतोच,” गजा म्हणाला. “सकाळी मीबी नव्हतो. भट्टीवर असतो. तू बसवून दिलेली बदलीच बोलते. मी नंतर वाचतो आन् हसतो.”

“कधीपासून?”

“बेकरी टाकली तेव्हापासून.”

बेकरी टाकून वर्षं झाली होती. आणि निनाद विसरला, कंटाळला की त्याच्याकडूनही बदलीच बोलत आली होती. दोन ठोकळे एकमेकांची चेष्टा करत होते, वाढदिवसाला भांडत होते, आणि इकडे दोन माणसं आपल्याला एक जुना मित्र आहे म्हणून निवांत होती.

“काढ बघू त्या,” गजा म्हणाला. “आपल्या तारेपुरत्या.”

“लाल होईल रे. मी विसरतो. कंटाळतो.”

“होऊ दे की. तू नाहीस हे कळंल तरी मला!”

निनादनं त्या तारेपुरत्या दोन्ही बदल्या पुसल्या. एवढ्या हिरव्यात एकच तार उघडी राहिली. गजानं खारीचा भाव सांगितला, निनादनं पावसाचं विचारलं. बोलायची सवयच गेली होती.

“गजा,” शेवटी तो म्हणाला, “ही तार मी कधी झाकणार नाही. आणि तुझी बाजू लाल दिसली ना, तर निरोप नाही पाठवणार. एसटी पकडून मी स्वतः येईन. शब्द आहे माझा.”