फळ्यावरची लाल पट्टी

बसा, कॅप्टनसाहेब. तुमचं विमान प्रवासी घेऊन खाली तयार उभं आहे, निघायची परवानगी अजून मिळत नाही, म्हणून एवढ्या पायऱ्या चढून तुम्ही भांडायला आलात. तुमच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो. आधी चहा घ्या. विमान मी हौसेनं अडवलेलं नाही. का अडवलंय ते सांगतो, पटतंय का बघा.

या मनोऱ्यात मी एकतीस वर्षं काढली आणि अगदी मजेत काढली. चारी बाजूंना काचा आणि बोलायला सगळं आकाश, अजून काय हवं? घरी कोणी माझं ऐकत नाही, इथे भलीमोठी विमानं ऐकतात. समोरची ती रिकामी खुर्ची मास्तरांची. मला हे काम त्यांनीच शिकवलं. आम्ही समोरासमोर बसायचो आणि मधे टेबलावर हा आडवा फळा असायचा. धावपट्टीवर कोणी गेलं, मग ती जीप असो की झाडूवाला, की आधी ही लाल पट्टी फळ्याच्या खाचेत बसवायची. ‘धावपट्टी अडली’ असं तिच्यावर लिहिलंय. मी विसरलो तर मास्तर ओरडायचे नाहीत, पेन्सिलीनं टेबलावर वाजवायचे. टक… टक टक. तेवढ्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले. खुर्ची हलवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून ती तिथेच राहिली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले होते आणि धुकं असं उतरलं होतं की धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. तिथे एक मेलेला पक्षी पडलाय म्हणून जीपवाला परवानगी घेऊन फावड्यासह गेला. तेवढ्यात बायकोचा फोन आला, येताना दिव्याची वात आणा म्हणून. ते कागदावर लिहून घेतलं आणि लाल पट्टी लावायची राहून गेली. जीप माझ्या डोक्यातून साफ उतरली.

थोड्या वेळानं सत्तर माणसांचं एक विमान उतरायची परवानगी मागू लागलं. मी फळ्याकडे पाहिलं, लाल काही दिसलं नाही. रेडिओचं बटण दाबून म्हणालो, “धावपट्टी मोकळी आहे, उतरा.”

पण माझे शब्द गेलेच नाहीत. कानात नुसती किंचाळी भरली. तुम्हाला ठाऊकच आहे, रेडिओवर सगळे एकाच लहरीवर बोलतात, त्यामुळे कोणाचं बटण दाबलेलं राहिलं की बाकी सगळ्यांची तोंडं बंद. मी पुन्हा बोललो, पुन्हा तेच. वैतागून शिव्या घातल्या. मग त्या किंचाळीच्या आतून काहीतरी ऐकू यायला लागलं. फार हळू…

टक… टक टक.

हातातला कप खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

वैमानिकानं नियम पाळला. परवानगी कानावर आली नाही, म्हणून तो न उतरता पुन्हा वर गेला. धावपट्टीवरून ते विमान गर्जत गेलं, धुकं क्षणभर फाटलं आणि त्याच्या पोटाखाली मला जीपचा पिवळा दिवा दिसला. त्या जीपवाल्याची नात रोज फाटकापाशी त्याची वाट बघत उभी असते.

किंचाळी थांबली. लाल पट्टी लावायला मी हात पुढे केला, तर ती आधीच खाचेत बसलेली होती. उलटी. म्हणजे मला उलटी. त्या खुर्चीत बसणाऱ्याला अक्षरं सरळ वाचता येतील अशी.

जीपवाला वॉकीटॉकीवर म्हणाला, “साहेब, बाहेर आलो.”

मी पट्टी काढायला गेलो, तर ती निघेना. पलीकडून कोणी दोन बोटांनी धरून ठेवावी तशी… मी ओढतोय, आणि इतक्यात तोच म्हणाला, “थांबा साहेब, फावडं तिकडेच राहिलं.”

तो फावडं घेऊन आला आणि पट्टी अलगद माझ्या हातात आली.

माझी चूक मी लिहून दिली, बोलणीही खाल्ली. तंत्रज्ञांनी सगळ्या विमानांची, गाड्यांची बटणं तपासली, एकही अडकलेलं नव्हतं. आवाज कुठून आला म्हणून विचारलं, तर म्हणाले, फार लांबून नाही, याच खोलीतून असावा. मी तेव्हा घाबरलो होतो, नाही म्हणत नाही. पण घरी जाताना वात घेतली आणि त्या रात्री इतका गाढ झोपलो की काय सांगू. आपली चूक झाकायला नाही, पकडायला कोणीतरी बसलंय, यापरतं सुख नाही.

आता तुमचं सांगतो. आज जीप पाहणी करून कधीच परत आली. माणसं मोजली, हत्यारं मोजली, दुर्बिणीनं दोनदा पाहिलं. धावपट्टीवर काडीसुद्धा नाही, धुकंही नाही. पण वीस मिनिटं झाली, पट्टी सुटत नाहीये.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. कप ठेवा खाली आणि तुम्हीच ओढून बघा.

हळू… बघितलंत? आता पलीकडून ओढतायत.